खत हळूहळू सोडणारे जैवविघटनशील हायड्रोजेल मणी: बनवायचे कसे, तपासायचे कसे

युरियाचा दाणा ओल्या मातीत पडला की बघता बघता विरघळतो. 20 अंश सेल्सिअसला 100 मिलिलिटर पाणी साधारण 108 ग्रॅम युरिया सामावून घेतं, यावरून तो पाण्याला किती सोकावलेला आहे हे कळेल. पुढे मातीतलं युरिएज हे विकर त्याचं अमोनियम करतं आणि जिवाणू अमोनियमचं नायट्रेट करतात. या वाटेवर थोडं नत्र अमोनिया होऊन हवेत उडतं, नायट्रेट पाण्याबरोबर मुळांच्या खाली झिरपतं, आणि हवा कमी असलेल्या ओल्या मातीत काही भाग नायट्रस ऑक्साइड बनून निघून जातो. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट तापमान वाढवतो. हे सगळं घडतं तेव्हा रोपाची मुळं अजून बोटभरसुद्धा झालेली नसतात.

खत एकदम न देता रोपाच्या गतीने देण्याचा एक मार्ग म्हणजे ते हायड्रोजेलमध्ये कोंडणं. विज्ञानाचे विद्यार्थी, छोट्या प्रयोगशाळेत काम करणारे आणि ज्यांनी याबद्दल नुसतं वाचलं आहे पण हात घातलेला नाही, अशांसाठी हा लेख आहे. कामाला लागण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करून घ्या, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावरच उभ्या आहेत: जेल पाणी आपोआप धरतं, खत आपोआप धरत नाही. खत धरायला त्याला भाग पाडावं लागतं, आणि ते धरलं की नाही हे मोजूनच कळतं.

## आधी थोडी ओळख

हायड्रोजेल म्हणजे पाणी आवडणाऱ्या लांब रेणूंची, जागोजागी एकमेकांना बांधलेली जाळी. पाणी आत शिरतं, जाळी फुगते, पण बंधांमुळे विरघळत नाही. 1960 साली ओटो विख्टरले आणि द्राहोस्लाव्ह लीम यांनी अशा जेलवरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स त्यातूनच आली. शेतीसाठी मोठी उडी 1970च्या दशकात पडली. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पिओरिया इथल्या प्रयोगशाळेत स्टार्चवर अॅक्रिलोनायट्राइलची साखळी जोडून, स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पाणी शोषणारा पदार्थ तयार झाला.

आज बाजारात मिळणारे बरेचसे कृषी-जेल पॉलिअॅक्रिलेट किंवा पॉलिअॅक्रिलामाइडचे असतात. ते पाणी उत्तम धरतात, पण त्यांचा कार्बनचा कणा मातीतल्या जिवाणूंना सहजी तोडता येत नाही. जेल फुटून बारीक होतं, नाहीसं होत नाही. पॉलिअॅक्रिलामाइडमध्ये न जोडलं गेलेलं अॅक्रिलामाइड उरलं असेल तर आणखी चिंता, कारण ते मज्जासंस्थेला घातक आहे. दर हंगामात मातीत घालायच्या वस्तूबाबत एवढं कारण पुरेसं आहे, असं मला वाटतं. म्हणून इथे फक्त अल्जिनेट (समुद्री शैवालातून मिळणारं), सेल्युलोज, स्टार्च, कायटोसान (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून बनणारं) यांसारख्या नैसर्गिक बहुवारिकांचा, म्हणजे पॉलिमरचा, विचार केला आहे.

## पायरी 1: कोणतं खत आणि किती दिवस, हे कागदावर लिहा

बहुतेक नवशिके जेलपासून सुरुवात करतात. सुरुवात खतापासून करायला हवी, कारण प्रत्येक अन्नद्रव्य जेलशी वेगळं वागतं.

युरियाच्या रेणूवर विद्युतभार नाही, त्यामुळे जेलच्या जाळीला तो कुठेच चिकटत नाही. अमोनियम आणि पोटॅशियम धनभारित आहेत. अल्जिनेट किंवा कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजवरचे ऋणभारित गट त्यांना थोडंफार ओढून धरतात. नायट्रेट ऋणभारित, त्याला हे जेल उलट दूर ढकलतं. कायटोसानवर आम्लधर्मी परिस्थितीत धनभार असतो, म्हणून नायट्रेट आणि फॉस्फेटसाठी ते बरं पडतं. फॉस्फेटची गोष्ट तर निराळीच: कॅल्शियम दिसताच ते त्याच्याशी संयोग पावून पांढरा साका बनवतं. अल्जिनेट जेल कॅल्शियमवरच उभं असतं. त्यामुळे त्यात विद्राव्य फॉस्फेट भरलं की ते जाळीतला कॅल्शियम खेचून घेतं आणि मणी ढिले पडतात. पहिल्याच प्रयोगात नत्र, स्फुरद, पालाश असं मिश्र खत घ्यायचा मोह आवरा.

शिकण्यासाठी माझी शिफारस पोटॅशियम नायट्रेटची. ते विरघळलं की पाण्याची विद्युतवाहकता वाढते, म्हणजे साध्या ईसी मीटरने सुटलेलं खत मोजता येतं. युरियाने वाहकता जवळजवळ बदलत नाही. पाण्यात युरियाचे मणी टाकून ईसी मीटर लावला आणि आकडा हलला नाही म्हणून ‘खत अजिबात सुटत नाहीये’ असा निष्कर्ष काढला, तर तो साफ चुकीचा ठरेल. आधी पोटॅशियम नायट्रेटवर हात बसवा आणि मग युरियाकडे वळा.

दिवसांचंही ठरवा. नुसतं ‘हळू’ म्हणून भागत नाही. युरोपीय मानकीकरण समितीच्या प्रचलित कसोटीनुसार, 25 अंश सेल्सिअसला 24 तासांत 15 टक्क्यांपेक्षा जास्त आणि 28 दिवसांत 75 टक्क्यांपेक्षा जास्त अन्नद्रव्य सुटता कामा नये, आणि सांगितलेल्या मुदतीत निदान 75 टक्के सुटलंच पाहिजे. तुमचा पहिला मणी या कसोटीच्या जवळपासही जाणार नाही. पण पट्टी कुठली लावायची हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असलेलं बरं.

## पायरी 2: जेल निवडा

सोडियम अल्जिनेटपासून सुरुवात करा. तपकिरी समुद्री शैवालातून ते मिळतं, पाण्यात विरघळतं, आणि कॅल्शियमच्या द्रावणात थेंब पडताच त्याचा मणी होतो. उष्णता नको, विषारी रसायन नको. त्याच्या साखळीत ग्युल्युरोनिक आणि मॅन्युरोनिक आम्लाची एककं असतात. ग्युल्युरोनिक पट्टे समोरासमोर येतात आणि त्यांच्या खाचांमध्ये कॅल्शियमचे आयन ट्रेमधल्या अंड्यांसारखे बसतात. 1973 मध्ये मांडलेल्या या प्रारूपाला ‘एग-बॉक्स’ असंच नाव आहे. पाकिटावर ग्युल्युरोनिकचं प्रमाण दिलेलं असेल तर जास्त प्रमाणाचं घ्या, मणी कणखर होतात.

कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज आणि सायट्रिक आम्लाची जोडी पाणी जास्त धरते, पण पातळ थर वाळवून मग 80 अंशांच्या आसपास काही तास तापवल्याशिवाय बंध तयार होत नाहीत. कायटोसान विरघळवायला 1 टक्का अॅसिटिक आम्ल लागतं. स्टार्च सर्वांत सहज मिळतो, पण एकट्याचं जेल दुबळं असतं आणि मातीत फार लवकर संपतं.

ग्लुटाराल्डिहाइड आणि एपिक्लोरोहायड्रिन हे क्रॉसलिंकर, म्हणजे साखळ्या एकमेकींना बांधणारी रसायनं, शोधनिबंधांत ठिकठिकाणी भेटतील. दोन्ही विषारी आहेत. मातीला परत द्यायच्या वस्तूत ते वापरू नका. नवख्या माणसाने तर त्यांच्या बाटलीलाही हात लावू नये.

## पायरी 3: मणी पाडा

साहित्य: सोडियम अल्जिनेट, कॅल्शियम क्लोराइड, निवडलेलं खत, डिस्टिल्ड वॉटर, चुंबकीय ढवळणी, 10 किंवा 20 मिलिलिटरची सिरिंज, 21 किंवा 22 गेजची सुई, गाळणी आणि मिलिग्रॅमपर्यंत वाचणारा वजनकाटा. चष्मा आणि हातमोजे गृहीत धरले आहेत.

100 मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर ढवळणीवर ठेवा आणि 2 ग्रॅम अल्जिनेट चिमटीचिमटीने भोवऱ्याच्या कडेला भुरभुरवा. एकदम ओतलंत तर बाहेरून चिकट आणि आतून कोरड्या अशा गुठळ्या होतात, आणि त्या फुटायला अर्धा दिवस जातो. नळाचं जड पाणी चालत नाही. त्यातला कॅल्शियम भांड्यातच जेल बनवायला लागतो. द्रावण एकजीव झालं की त्यात 10 ग्रॅम खत विरघळवा आणि झाकून रात्रभर ठेवा. आतले बुडबुडे निघून गेले पाहिजेत, कारण बुडबुडा अडकलेला मणी तरंगतो आणि त्याची वरची बाजू कच्ची राहते.

दुसऱ्या भांड्यात 300 मिलिलिटर पाण्यात 9 ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड घाला, म्हणजे 3 टक्क्यांचं द्रावण होईल. विरघळताना ते तापतं. गार होऊ द्या आणि मगच वापरा.

आता सुई पृष्ठभागापासून 8 ते 10 सेंटिमीटर वर धरून थेंब सोडा. फार जवळ धरली तर मण्याला शेपूट येतं, फार वर धरली तर तो आपटून चपटा होतो. हात एका लयीत राहिला की थेंबांचा आकारही एकसारखा येतो, आणि एकसारखा आकार ही पुढच्या सगळ्या मोजमापांची अट आहे. थेंब बुडताच त्याच्याभोवती पातळ कातडी धरते. बाहेरचा कॅल्शियम हळूहळू आत शिरून गाभा घट्ट करतो, त्याला 20 ते 30 मिनिटं लागतात. एक मणी ब्लेडने मधोमध कापून पाहा. आत चिकट द्रव उरला असेल तर अजून वेळ द्या.

पोटॅशियम नायट्रेट वापरत असाल तर एक खबरदारी घ्या. ते ऑक्सिडीकारक आहे आणि वाळलेलं जेल सेंद्रिय पदार्थ. दोन्ही एकत्र असलेले कोरडे मणी ज्योतीपासून आणि कडक तापमानापासून लांब ठेवा.

याच वेळी खत न घातलेले कोरे मणीसुद्धा बनवा. ते नसतील तर तुमच्या एकाही आकड्याला अर्थ राहणार नाही.

## पायरी 4: खत आत राहिलं का?

इथे बहुतेकांचा भ्रमनिरास होतो, म्हणून जरा थांबून हिशेब करू.

तुम्ही 100 मिलिलिटर द्रावणात 10 ग्रॅम युरिया घातला. मणी 300 मिलिलिटरच्या द्रावणात अर्धा तास पडून राहिले. मण्यांचं आकारमान अंदाजे 100 मिलिलिटर, बाहेरचं पाणी 300. युरिया दोन्हीकडे सारखा पसरला तर एकूण 400 भागांतले 300 बाहेर. म्हणजे 10 ग्रॅमपैकी साडेसात ग्रॅम मणी बनतानाच निसटला, आत राहिला अडीच ग्रॅम.

पण अर्ध्या तासात एवढा बाहेर जाईल का? तेही मोजता येतं. पाण्यात युरियाचा विसरण-गुणांक (रेणू किती वेगाने पसरतो याचा आकडा) 25 अंशांना सुमारे 1.4 × 10⁻⁹ चौरस मीटर प्रति सेकंद आहे. मण्याची त्रिज्या 1.25 मिलिमीटर धरा. त्रिज्येच्या वर्गाला या गुणांकाने भागलं की साधारण 1100 सेकंद येतात, म्हणजे वीस मिनिटांच्या आत-बाहेर. ओल्या अल्जिनेट मण्यात पाणीच प्रचंड असतं आणि जाळीची भोकं युरियाच्या रेणूच्या मानाने मोठी असतात, त्यामुळे जेल त्याला फारसं अडवत नाही. गाभा घट्ट व्हायला जेवढा वेळ लागतो, जवळपास तेवढ्यातच खत पळ काढतं.

हाच आकडा दुसरंही काही सांगतो. एका महिन्याचे सेकंद सुमारे 26 लाख होतात. वीस मिनिटांचा महिना करायचा तर विसरण दोन हजार पटींहून अधिक मंदावलं पाहिजे. अल्जिनेट 2 टक्क्यांऐवजी 3 टक्के घेऊन हे होणार नाही. मण्याची त्रिज्या दुप्पट केली तर वेळ चौपट होतो. चांगलंच आहे, पण दोन हजार पटींपुढे चौपट किती ते तुम्हीच बघा.

निसटणं थांबवण्याचे तीन सरळ उपाय आहेत. कॅल्शियमच्या द्रावणातही खत त्याच तीव्रतेने घाला, म्हणजे 300 मिलिलिटरमध्ये 30 ग्रॅम. आत-बाहेर समतोल असला की निव्वळ गळती थांबते, आणि ते द्रावण पुढच्या खेपेला पुन्हा वापरता येतं. दुसरा उपाय उलट्या क्रमाचा: कोरे मणी बनवून वाळवायचे आणि मग खताच्या तीव्र द्रावणात भिजवून फुगू द्यायचे. तिसरा, खतच कमी विरघळणारं घ्यायचं. त्याबद्दल पुढे येईल. नायट्रेटचं काम करत असाल तर कॅल्शियम क्लोराइडऐवजी कॅल्शियम नायट्रेट वापरून पाहा. ते मणीही घट्ट करतं, नत्रही देतं, आणि क्लोराइडचा उपद्रव टळतो.

आत प्रत्यक्ष किती राहिलं हे बघण्यासाठी वाळलेले मणी नेमके तोलून सोडियम सायट्रेटच्या सुमारे 3 टक्के द्रावणात टाका. सायट्रेट कॅल्शियमला पकडून ठेवतं, जाळी सुटते, मणी विरघळतात आणि सगळं खत मोकळं होतं. ते मोजा. युरियासाठी पी-डायमिथाइलअमिनोबेंझाल्डिहाइडची रंगचाचणी सोयीची आहे: आम्लधर्मी माध्यमात पिवळा रंग येतो आणि तो 420 ते 440 नॅनोमीटरला वाचायचा. प्रमाणित द्रावणंही त्याच सायट्रेटमध्ये बनवा. वाहकता इथे उपयोगाची नाही, सायट्रेटचे स्वतःचेच आयन मीटर भरून टाकतात. पोटॅशियमसाठी ज्वाला-प्रकाशमापक वापरा.

‘मी 10 ग्रॅम घातले’ हा आकडा वहीत असू द्या, पण पुढची सगळी टक्केवारी ‘आत इतकं सापडलं’ या आकड्यावरच काढा.

## पायरी 5: वाळवणं आणि फुगवणं

मणी पाण्यातून झटपट एकदा खंगाळून जाळीवर पसरा. उघड्यावर किंवा 40 अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. युरिया असेल तर याहून फार वर जाऊ नका. तापवल्यावर युरियापासून बाययुरेट बनू लागतं आणि ते रोपांना बाधतं.

वाळलेला मणी भिंगाखाली धरा. युरिया भरपूर असेल तर पृष्ठभागावर पांढरी भुकटी किंवा बारीक सुया दिसतील. पाणी बाहेर येताना युरियाही सोबत आला आणि पाणी उडाल्यावर तिथेच स्फटिक बनून बसला. हा थर पहिल्याच पाण्यात विरघळतो आणि आलेखात सुरुवातीला उंच उडी दिसते. जेलने खत धरलं नाही असं म्हणण्याआधी यातलं किती बाहेरच बसलेलं होतं हे तपासा.

फुगण्यासाठी ठरावीक वजनाचे कोरडे मणी नायलॉनच्या बारीक जाळीच्या पिशवीत भरून पाण्यात टांगा, वेळोवेळी बाहेर काढून निथळा, वरचं पाणी टिपून घ्या आणि तोला. ओलं वजन वजा कोरडं वजन, भागिले कोरडं वजन. रिकाम्या ओल्या पिशवीचं वजन वजा करायला विसरू नका. हीच चाचणी डिस्टिल्ड वॉटर, नळाचं पाणी आणि खताचं पातळ द्रावण या तिन्हींत करा. सायट्रिक आम्लाने बांधलेलं सेल्युलोज जेल क्षाराच्या पाण्यात बरंच कमी फुगतं. कॅल्शियम अल्जिनेट मात्र उलट चकवतं: शुद्ध पाण्यात वाळलेला मणी मूळ आकारावर परत येत नाही, पण सोडियम किंवा फॉस्फेटच्या द्रावणात कॅल्शियम निघून जातो आणि तो फुगत फुगत फाटतो. पाकिटांवरचे पाणीशोषणाचे भलेमोठे आकडे बहुधा डिस्टिल्ड वॉटरचे असतात आणि मातीच्या दाबाखालचे तर नसतातच.

## पायरी 6: सुटण्याचा वेग मोजा

झाकणाच्या बाटलीत 1 ग्रॅम मणी आणि 200 मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर घ्या, तापमान 25 अंशांवर स्थिर ठेवा. निदान तीन बाटल्या खताच्या मण्यांच्या, तीन कोऱ्या मण्यांच्या आणि एक नुसत्या तेवढ्याच खताची. पहिल्या दिवशी घाई करा: 10 मिनिटं, अर्धा तास, 1, 2, 4, 8 आणि 24 तास. नंतर दिवसाआड चालेल. पहिलं वाचन थेट 24 तासांनी घेतलं तर खरी हकीगत तोवर घडून गेलेली असते.

ईसी मीटर 0.01 मोलर पोटॅशियम क्लोराइडवर आधी लावून घ्या. 25 अंशांना तो 1413 मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर दाखवायला हवा. प्रत्येक वाचनातून कोऱ्या मण्यांच्या बाटलीचं वाचन वजा करा, कारण धुऊनही उरलेला कॅल्शियम आणि सोडियम वाहकता वाढवतच असतो. नमुना काढून तेवढंच ताजं पाणी भरत असाल तर काढलेल्या नमुन्यातलं खत पुढच्या बेरजेत धरा.

आलेखावर आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर सुटलेल्या खताची टक्केवारी. पुढे कोर्समायर-पेपास समीकरण बसवता येतं: सुटलेला अंश बरोबर k गुणिले वेळेचा n-वा घात (k आणि n हे तुमच्या आकड्यांवरून काढायचे स्थिरांक). ते फक्त पहिल्या 60 टक्क्यांसाठीच वापरायचं. गोल मण्यांसाठी n जर 0.43च्या आसपास असेल तर निव्वळ विसरण चाललं आहे, 0.85च्या आसपास असेल तर जाळीचं फुगणं-सैलावणं वेग ठरवतं आहे. मधे असेल तर दोन्ही. समीकरण सुंदर बसलं म्हणून मणी चांगला ठरत नाही. दोन तासांत सगळं खत सोडणाऱ्या मण्यावरही ते सुंदरच बसतं.

## पायरी 7: आता वेग कमी करा

साध्या मण्याची वेळ तासांत आली की खरं काम सुरू होतं.

कायटोसानचा लेप हा सोपा पहिला प्रयोग. कॅल्शियम अल्जिनेटचे मणी अॅसिटिक आम्लातल्या 0.5 ते 1 टक्का कायटोसानमध्ये काही मिनिटं बुडवा. ऋणभारित अल्जिनेट आणि धनभारित कायटोसान पृष्ठभागावर एकमेकांना धरून दाट पापुद्रा करतात. बुडवण्याच्या वेळातही खत गळतं, म्हणून वेळ थोडा ठेवा आणि गळती मोजून वजा करा.

दुसरा उपाय आत भर घालण्याचा. बेंटोनाइट माती किंवा झिओलाइट बारीक दळून अल्जिनेटच्या द्रावणात मिसळा. झिओलाइट अमोनियम आणि पोटॅशियमला आयन-विनिमयाने खरोखर धरून ठेवतं. युरियाला मात्र तशी पकड बसत नाही. तो अमोनियम झाल्यावरच झिओलाइटच्या तावडीत येतो. मातीचे चपटे पापुद्रे वाट वळणावळणाची करतात, त्याने वेग कमी होतो, पण दोन हजार पटींची आशा त्यांच्यावर ठेवू नका.

मला सर्वांत भरवशाचा वाटतो तो तिसरा मार्ग: जेलमध्ये कमी विरघळणारं खत भरणं. स्ट्रुव्हाइट, म्हणजे मॅग्नेशियम अमोनियम फॉस्फेट, हे त्याचं चांगलं उदाहरण. वजनाने सुमारे 5.7 टक्के नत्र आणि 12.6 टक्के फॉस्फरस असलेलं हे खनिज पाण्यात अगदी थोडं विरघळतं आणि आम्लधर्मी परिस्थितीत जास्त. त्याची बारीक पूड अल्जिनेटमध्ये मिसळून मणी पाडले की मणी बनतानाची गळती जवळजवळ संपते, आणि वेग जेलच्या भोकांऐवजी स्फटिकाच्या विरघळण्यावर ठरतो. नत्र कमी मिळतं हे खरं. मग जेल कशाला, नुसतं स्ट्रुव्हाइट का नको? जेल पूड एकत्र ठेवतं, भोवती ओल राखतं आणि मुळांजवळ ठेवता येईल असा मणी देतं. या कामात जेलची हीच योग्य भूमिका आहे असं मला वाटतं. एकट्या जेलकडून युरिया अडवण्याची अपेक्षा करणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

## पायरी 8: मातीत काय होतं

बाटलीतलं पाणी म्हणजे माती नव्हे. मातीत पाणी कणांभोवतीच्या पातळ थरांत असतं, त्यामुळे खत सुटण्याचा वेग बहुधा मंदावतो. दुसरीकडे जिवाणू जाळीच कुरतडत असतात. म्हणून मणी नायलॉन जाळीच्या छोट्या पिशव्यांत भरून, जलधारण क्षमतेच्या 60 टक्के ओल असलेल्या मातीत पुरा आणि ठरल्या दिवशी एकेक पिशवी काढून आत उरलेलं खत मोजा. माती तपासून सुटलेला युरिया मोजू पाहाल तर तो अमोनियम आणि नायट्रेट होऊन गेलेला असेल. तिन्हींची बेरीज न करता नुसता युरिया शोधला तर काहीच सापडणार नाही.

विघटनाची चाचणी खत नसलेल्या मण्यांवरच करा. कारण दुहेरी आहे: खत निघून गेल्यानेही वजन घटतं, आणि युरियाच्या विघटनातूनही कार्बन डायऑक्साइड येतो. वजनातली घट हा पहिला अंदाज झाला, पण जेल तुकडे होऊन जाळीतून बाहेर पडलं तरी वजन घटतंच. खरा पुरावा म्हणजे त्यातल्या कार्बनचा कार्बन डायऑक्साइड झाला का. बंद बरणीत माती आणि जेल, सोबत अल्कलीची वाटी; शोषलेला वायू टायट्रेशनने मोजायचा. आयएसओ 17556 हे प्रमाणक या धाटणीच्या चाचणीसाठीच आहे. कोरड्या अल्जिनेटमध्ये साधारण 36 टक्के कार्बन असतो, म्हणजे 1 ग्रॅम पूर्ण विघटित झालं तर सुमारे 1.3 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड यायला हवा. एका बरणीत नुसती माती आणि एकीत तेवढंच सेल्युलोज ठेवा. सेल्युलोजवालीतच वायू येत नसेल तर तुमची माती निर्जीव आहे, जेलला दोष देऊ नका. युरोपीय संघाच्या 2019/1009 या नियमावलीने खतांतल्या बहुवारिकांना जैवविघटनाची अट घातली आहे, त्यामुळे पाकिटावर ‘जैवविघटनशील’ छापण्याआधी हे आकडे लागतातच.

विघटन फार लवकर झालं तरी अडचण. जाळी तीन आठवड्यांत संपली आणि पिकाला तीन महिने नत्र हवं असेल, तर उरलेलं खत एकदम मोकळं होतं. शिवाय जेलमध्ये कार्बन भरपूर आणि नत्र नाममात्र. खताच्या मानाने जेल खूप जास्त असेल तर ते खाणारे जिवाणू मातीतलंच नत्र स्वतःसाठी ओढून घेतात आणि रोप काही काळ पिवळं पडतं.

## पायरी 9: कुंडीत लावून पाहा

आधी अंकुरण चाचणी करा. ओल्या टिपकागदावर लवकर उगवणारं बी, एका ताटलीत मण्यांचं निथळलेलं पाणी आणि दुसरीत साधं पाणी. मूळ आखूड राहिलं किंवा टोक करपलं तर मण्यांत क्षार जास्त आहेत, आणखी धुवा.

कुंड्यांच्या प्रयोगात किमान पाच गट हवेत: खत नाही, साधं खत एकदम, साधं खत विभागून तीनदा, साधं खत आणि सोबत कोरे मणी, आणि खताचे मणी. चौथा गट अनेकजण वगळतात. पण मण्यांनी ओल राखल्यामुळे रोप चांगलं आलं की खत हळू सुटल्यामुळे, हे फक्त तोच गट सांगतो. तिसरा गटही महत्त्वाचा, कारण तुमच्या मण्याची खरी स्पर्धा एकदम टाकलेल्या खताशी नसून नीट विभागून दिलेल्या खताशी आहे. खत दिलेल्या सगळ्या गटांत नत्राचं वजन अगदी सारखं ठेवा. हिशेब नत्राचा करायचा, मण्यांचा नाही: युरियात 46 टक्के नत्र, आणि मण्यांत पायरी 4 मध्ये सापडलं तेवढंच.

प्रत्येक गटात चार-पाच कुंड्या घ्या आणि त्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाहीतर खिडकीजवळचा गट जिंकेल. मणी वर पसरू नका; बियाण्याच्या 3-4 सेंटिमीटर बाजूला आणि खाली, ओलीत पुरा. कुंडीखाली ताटली ठेवून निचऱ्याचं पाणी दर वेळी मोजा आणि त्यातलं नायट्रेट तपासा. शेवटी झाडाचं कोरडं वजन आणि त्यातलं नत्र काढा. निचऱ्यात नायट्रेट कमी आणि झाडात नत्र जास्त, हे दोन्ही एकाच कुंडीत दिसलं तरच मण्याने आपलं काम केलं. निचऱ्यात कमी दिसलं पण झाडातही कमीच असेल, तर कुंडीतली माती चाळून मणी शोधा आणि त्यांत किती खत उरलं आहे ते सायट्रेटमध्ये विरघळवून मोजा.